मागची चेन

डिसेंबरात सकाळी पावणेसहाला पुणे जिल्ह्यातल्या आमच्या कवठे येमाईच्या स्टँडवर, चहाच्या टपरीसमोर दहा-बारा दुचाक्या उभ्या असतात. रांजणगाव एमआयडीसीची पहिली पाळी गाठायची असते. बहुतेक पोरांच्या अंगात जर्किन असतं, आणि त्यातल्या निम्म्यांनी ते उलटं घातलेलं असतं. पाठीचा भाग छातीवर, चेन मागे, पाठीच्या कण्यावर. आता स्वतःच्या पाठीवरची चेन काही स्वतःला लावता येत नाही. म्हणून चहा संपत आला की एकजण दुसऱ्याकडे पाठ करून उभा राहतो. "ए बापू, मागची चेन ओढ रे." बापू एका हातातला ग्लास न सांडता दुसऱ्या हाताने चेन वर ओढतो, मानेपाशी केस अडकतात, एक शिवी ऐकतो, आणि मग स्वतः वळून पाठ पुढे करतो. पाच मिनिटांत सगळ्यांच्या चेन लागतात आणि गाड्या मलठणच्या दिशेने निघतात.

हे दृश्य मी वीसेक वर्षं बघतो आहे. पूर्वी माझ्याकडे बजाजची एम-एटी होती तेव्हा मीही जर्किन उलटंच घालायचो, आणि त्याच्या आत छातीवर आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने मध्यंतरी या मंडळींचा फोटो काढला आणि हसत म्हणाला, "ह्यांना जॅकेट कसं घालायचं तेसुद्धा कळत नाही का हो?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर, फक्त थोडं लांबलेलं.

चेन म्हणजे दातांच्या दोन रांगा. त्यांच्या फटींतून वारा शिरतो. महागड्या जॅकेटात चेनच्या आतून कापडाची एक रुंद पट्टी शिवलेली असते, ती वारा अडवते. आठवडे बाजारातल्या चारशे रुपयांच्या जर्किनला ती पट्टी नसते. दुकानात उभं राहून घालून बघितलं तर हे कळत नाही, कारण दुकानात वारा नसतो. गाडीवर पहिल्या दोन किलोमीटरांत कळतं. हवा १० अंशांची असेल आणि गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली असेल, तर हवामानवाले जे सूत्र वापरतात त्यानुसार उघड्या कातडीला ती साडेपाच अंशांसारखी लागते. घोड-कुकडीच्या पाण्यावर वाढलेल्या उसातून जाणाऱ्या रस्त्यावर पहाटेची ओल त्यात भर घालते. समोरून येणारा हा सगळा मारा छातीवर, नेमका चेनवर पडतो. तेव्हा सलग कापड पुढे आणि फटी मागे करणं याला अडाणीपणा म्हणायचा असेल तर शहाणपणा कशाला म्हणायचं? ज्याने जर्किन बनवलं त्याने उभ्या माणसाचा विचार केला होता. ते उलटं करणाऱ्याने गाडीवर बसलेल्या माणसाचा केला.

मला इथे जे म्हणायचं आहे त्याची सुरुवात यातूनच होते. स्कूटरवाल्याने काय घालावं यावर बोलणारे लोक दोन गटांत वाटले गेलेत. एका गटाला सुरक्षा हवी, दुसऱ्याला रुबाब हवा, आणि दोघांनाही वाटतं की गावातल्या माणसाला दोन्हीतलं काही कळत नाही. माझा अनुभव निराळा आहे. गाडीवर बसणाऱ्यांनी आपापल्या गरजेपुरती जॅकेटं केव्हाच तयार केली आहेत. ती अपुरी आहेत, त्यांच्यात जीवघेण्या उणिवा आहेत, पण सुधारणा करायची तर तिथूनच करावी लागेल. दुकानातलं काचेमागचं जॅकेट आणून त्यांच्या अंगावर चढवण्याचा मार्ग चालणार नाही, आणि तो का चालणार नाही याचं एक कारण खुद्द स्कूटरच्या जन्मात आहे.

स्कूटर हे मुळात कपडे सांभाळण्यासाठी जन्मलेलं वाहन. १९४६ साली इटलीत पियाज्जिओ कंपनीसाठी व्हेस्पा ज्यांनी आखली ते कोरादिनो दास्कानिओ विमानांचे अभियंते होते आणि मोटारसायकल त्यांना आवडत नसे. तेलकट इंजिन, उघडी साखळी, पाय फाकवून बसायची तऱ्हा, या सगळ्याला त्यांनी फाटा दिला. इंजिन झाकलं, साखळी काढून टाकली, पायांपुढे पत्र्याची ढाल उभी केली, आणि ढाल व सीटच्या मध्ये मोकळी जागा ठेवली. झग्यातल्या बाईला चढता यावं, सूट घातलेल्या कारकुनाला चिखल न उडता कचेरीत पोचता यावं, हा हेतू. थोडक्यात, वाहनानेच अंगावर जॅकेट घातलं होतं. बसणाऱ्याला वेगळ्याची गरज नाही, हे स्कूटरचं वचन होतं.

हे वचन पुणे जिल्ह्याने जितकं मनावर घेतलं तितकं क्वचितच कुणी घेतलं असेल. बजाजने आधी व्हेस्पा बाहेरून आणून विकल्या, मग परवान्यावर आकुर्डीत बनवल्या, तो करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ मध्ये स्वतःची चेतक काढली. त्याच वर्षी कायनेटिकची लुना आली. आता व्हेस्पा पुन्हा आली आहे आणि २०१२ पासून ती इथून जवळच, बारामतीत बनते. चेतकवर धोतर-टोपीतले मास्तर बसले, नऊवारीतल्या आजी एका बाजूला पाय सोडून बसल्या, पुढे उभं राहिलेलं पोर हँडल धरून वारा खात गेलं. कपडे बदलून गाडीवर बसायचं असतं ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात आली नाही. उलट गाडीने कपड्यांसाठी बदलायचं ठरलं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम बघा. मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागचं चाक निदान निम्मं झाकेल असं संरक्षण हवं, कशासाठी तर बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. साडीसाठी कायद्याने गाडीला जाळी लावायला लावली, साडी सोडून दुसरं काही घाला असं म्हटलं नाही. मला हा नियम फार आवडतो. माणसं जशी आहेत तशी गृहीत धरून केलेले नियम आपल्याकडे थोडे.

बाहेरच्या जगातही स्कूटरवाल्याचं म्हणून जे एकमेव जॅकेट प्रसिद्ध झालं त्याची गोष्ट अशीच आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडात 'मॉड' म्हणवणारी तरुण मंडळी व्हेस्पा आणि लँब्रेटा चालवायची. अंगात शिवून घेतलेले बेतीव सूट. पाऊस, तेल, चिखल यांपासून ते सूट वाचावेत म्हणून ती अमेरिकन लष्कराच्या जुन्या बाजारातला, मागे शेपटीसारखा चिरलेला ढगळ पार्का वरून घालायची. त्यांच्याशी ज्यांचं वैर होतं ते मोटारसायकलवाले 'रॉकर' चामड्याचं जॅकेट घालायचे. चामडं माणसाचं कातडं वाचवतं, पार्का माणसाचा सूट वाचवायचा. पुढे काय झालं? पार्का स्वतःच फॅशन झाला, आणि ज्यांच्याकडे ना स्कूटर ना सूट असे लोकही तो घालून फिरू लागले. वरून घातलेलं साधं आवरण रुबाबाची खूण कशी होते, ते यातून दिसतं.

आपल्याकडेही असा एक पार्का आहे. त्याचं नाव सनकोट.

पुण्यात वाढलेल्या कुणालाही सनकोट समजावून सांगायची गरज नाही. पांढरा किंवा फिका, सुती, ढगळ, पुढे चेन किंवा बटणं, मागे टोपी, आणि बाह्या इतक्या लांब की पंजाची मागची बाजूही झाकली जावी. वर स्कार्फ, डोळ्यांना गॉगल. कॉलेजच्या पोरींपासून बँकेतल्या मॅडमपर्यंत सगळ्यांनी तो घातला, स्कूटी आणि अ‍ॅक्टिव्हाच्या मागोमाग तो शिरूर-मंचरच्या दुकानांत आला, आणि आता कवठ्यातल्या शाळेच्या बाई, अंगणवाडीच्या ताई, आठवडे बाजाराला एकट्या गाडीवर जाणाऱ्या बाया, सगळ्याच घालतात. कोणत्याही सरकारने सांगितलं नाही, कुणी दंड लावला नाही, शाळेत पथनाट्य झालं नाही. हेल्मेटच्या बाबतीत जे इतक्या वर्षांच्या सक्तीने, आंदोलनांनी आणि पावत्यांनी जमलं नाही ते सनकोटने मुकाट्याने करून दाखवलं.

का जमलं? पहिलं कारण फारसं अभिमानाचं नाही. 'काळी पडशील' हे वाक्य आपल्या घराघरांत मुलीच्या कानावर पडतं, आणि लग्नाच्या बाजारात रंगाचा भाव अजून उतरलेला नाही. सनकोट बऱ्याच अंशी त्या धाकावर विकला गेला. पण एवढ्यावर त्याची बोळवण करू नये. चाळीस अंशांच्या उन्हात हवा कातडीपेक्षा गरम असते. अशा वेळी वाऱ्याने थंड वाटायचं सोडून उलट भट्टीतली फुंकर बसते. ढगळ सुती आवरण आत थोडी हवा धरून ठेवतं. वाळवंटातले लोक अंगभर सैल का घालतात, त्याचं एक कारणही हेच. दुसरा फायदा कुणी मोजतच नाही: सनकोट पदर आणि ओढणी आत कोंडतो. चाकात ओढणी अडकून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतो. साडी गार्ड निम्मं चाक झाकतं, उरलेलं काम सनकोट करतो. आणि तिसरं, स्कार्फ-गॉगल-सनकोटातल्या बाईला गावच्या पारावरून कुणी ओळखत नाही. कोण, कुठे, कुणाकडे निघाली, याची पंचाईत बंद. ज्या गावात प्रत्येक माणूस प्रत्येकाला ओळखतो तिथे ही सोय लहान नाही.

सनकोटाची एक थोरली बहीण उसाच्या फडात आहे. ऊस तोडणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात. उसाच्या पात्याची धार आणि पाचटाची कुसं हातांना लागू नयेत म्हणून. बटणं गळ्यापर्यंत, बाह्या मनगटापर्यंत. संध्याकाळी तोच शर्ट तसाच अंगात ठेवून त्या मागच्या सीटवर बसून तळावर परततात. सनकोट आणि हा शर्ट यांच्यातलं अंतर फक्त शिलाईचं आणि जातवर्गाचं आहे. काम एकच: घरातला पोशाख न बदलता, त्याच्यावर एक कवच, जे उतरताक्षणी काढता येतं.

हे 'उतरताक्षणी' फार महत्त्वाचं आहे. स्कूटरवाला सतत उतरत असतो. सोसायटीत दूध, मेडिकलमध्ये गोळ्या, तलाठी कार्यालय, पोराची शाळा, मग दवाखान्यात भरती झालेल्या मावशी. काचेमागचं रायडिंग जॅकेट ज्याच्यासाठी बनतं तो माणूस सकाळी निघतो आणि संध्याकाळी लडाखच्या वाटेवरच्या एखाद्या हॉटेलात उतरतो. त्याचा प्रवास हाच त्याचा कार्यक्रम. आमच्या माणसाचा प्रवास दोन कामांच्या मधली कटकट असते. ते जॅकेट पाच-सात हजारांचं, खांद्याला-कोपराला कडक पॅड, पाठीत फळकुट. ते घालून तलाठ्यासमोर उभं राहिलं तर तलाठी आधी गाडीची चौकशी करील आणि मग उताऱ्याची.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी त्या जॅकेटाची टिंगल करतो आहे. तसं नाही. त्या जॅकेटात जे आहे ते आमच्यापैकी कुणाच्याच अंगावर नाही, आणि त्याची किंमत मी माझ्या कोपराने मोजली आहे.

उसाचा हंगाम सुरू झाला की शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पडतो. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, मलठणच्या अलीकडे, मी त्यावरून घसरलो. वेग तीसच्या आसपास. एवढ्या वेगाने काय लागणार, असं मीही म्हणत असे. पण खांद्याच्या उंचीवरून जमिनीवर पडताना गाडी उभी असली तरी शरीर ताशी वीसेक किलोमीटरच्या वेगाने आदळतं. तो धक्का गाडीच्या वेगाचा नसतो, उंचीचा असतो. आणि मग घसरणं वेगळं. मी कोपरावर आदळलो आणि थोडं घसरलो. जर्किनची बाही नायलॉनची. घासल्याच्या उष्णतेने ती वितळली आणि तिचा काळा, चिकट तुकडा कातडीत बसला. दवाखान्यात चिमट्याने ते कण काढताना डॉक्टर म्हणाले, "काका, सुती असतं तर नुसतं फाटलं असतं. हे बघा, डिंकासारखं बसलंय." पाऊण तास चालला तो चिमटा. जखमेपेक्षा तोच जास्त आठवतो.

ताशी ५० ने पडला तर माणूस डांबरावर साधारण पंधरा मीटर घसरतो. सुती शर्ट पहिल्या काही हातांतच संपतो, पुढची सगळी वाट कातडीने कापायची. युरोपात २०२० पासून जे मानक आहे, ईएन १७०९२, त्यात जॅकेटांच्या पाच श्रेण्या आहेत. तीन ए ची सर्वांत कणखर, त्याखाली दोन ए, मग शहरात चालवणाऱ्यांसाठी एक ए ची हलकी श्रेणी, बी मध्ये घासण्यापासून संरक्षण पण पॅड नाहीत, सी मध्ये नुसते पॅड. म्हणजे सगळ्यांनी लडाखला जायचं कवच घालावं असं तिथले मानकवालेही म्हणत नाहीत. ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपघातग्रस्त चालकांपैकी ज्यांनी मोटारसायकलसाठी बनवलेलं जॅकेट घातलं होतं त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याची शक्यता २१ टक्क्यांनी कमी आढळली. आणि त्याच अभ्यासात सुमारे ३० टक्के जॅकेटं कापड फाटल्याने निकामी ठरली. नाव लावलं म्हणून कापड टिकतंच असं नाही. आपल्याकडे हेल्मेटला १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्का बंधनकारक आहे. जॅकेटला तशी सक्ती नाही. 'रायडिंग' हा शब्द कुणीही कशावरही छापू शकतो.

तरीही, घसरण्याआधी धडक येते आणि धडकेच्या आधी न दिसणं. इथे माझा जीव खरा तुटतो.

रांजणगावच्या कुठल्याही कारखान्याच्या गेटवर पाळी सुटताना उभं राहा. आत शॉप फ्लोअरवर जायचं तर चमकत्या पट्ट्यांचं हिरवट-पिवळं जॅकेट घालावंच लागतं. लोक त्याला रिफ्लेक्टर म्हणतात. ते नसेल तर सुरक्षा अधिकारी आत सोडत नाही. आत धावतात काय, तर माणसाच्या चालीपेक्षा थोड्याच वेगाने जाणाऱ्या फोर्कलिफ्ट, तेही लख्ख दिव्यांखाली. पाळी संपली की हे जॅकेट काढून खुंटीवर टांगायचं. मग अंगात चढतं ते कंपनीने दिवाळीत दिलेलं जर्किन. गडद निळं किंवा काळं, छातीवर नखाएवढा लोगो. ते घालून माणूस अंधारात निघतो, पंचवीसेक किलोमीटर, त्याच रस्त्यावर जिथे मागचा दिवा नसलेली ऊसभरली ट्रॉली उभी असते. आत जिथे धोका कमी आणि उजेड जास्त तिथे नियमाने दिसायचं, बाहेर जिथे उजेड नाही आणि धोका खरा तिथे झाकायचं. यात कुणी एक दोषी आहे असं मला म्हणायचं नाही. कारखान्याची जबाबदारी गेटपाशी संपते, आणि ती खुंटी गेटच्या आतल्या बाजूला ठोकलेली आहे, एवढंच.

बरं, ते जॅकेट घरी जाताना घाला म्हणून सांगून बघा. मी पुतण्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, "काका, रस्त्यावर डांबर टाकायला निघालो का मी?" हसू नका. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. ते पिवळं जॅकेट रस्त्याच्या कामावरच्या मजुराचं, टोलनाक्याचं, घंटागाडीचं आहे. आमच्या पोरांनी बारावीनंतर आयटीआय करून जी पायरी गाठली ती खाली ढकलल्यासारखं त्यांना ते वाटतं. आणि कंपनीचं काळं जर्किन? ते घालून बाजारात गेलं की पोरगा 'परमनंट' आहे हे लोकांना न बोलता कळतं. सोयरीक जुळायला त्या नखाएवढ्या लोगोचा उपयोग होतो. ज्या जर्किनने बायको मिळते ते काढून, रस्त्यावरचा मजूर दिसेल असं जॅकेट घाल असं आपण सांगतो आणि पोरगा ऐकत नाही म्हणून त्याला बेफिकीर ठरवतो. कपडा काय म्हणतो हे ज्याने ऐकलं नाही, त्याने सुरक्षेवर बोलू नये. रुबाब हा उपयोगाच्या विरुद्धचा पक्ष नाही. जे अंगावर चढणारच नाही ते जॅकेट कितीही चमकलं तरी खुंटीवरच चमकणार.

दिसण्याने किती फरक पडतो? न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या दुचाकीस्वारांवर झालेला एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. चमकणारे किंवा झळाळते कपडे घातलेल्यांना इजा होणाऱ्या अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना २४ टक्क्यांनी कमी. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. १ एप्रिल २०१७ पासून बनणाऱ्या प्रत्येक दुचाकीचा पुढचा दिवा चालू केल्याबरोबर आपोआप लागतो. तो समोरच्याला दिसावा म्हणून. मागून येणाऱ्याला मात्र एक छोटा लाल दिवा, तोही अनेकदा फुटलेला, आणि त्याच्या वर एक काळी पाठ.

या बाबतीत आमचे म्हातारे नकळत शहाणे होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि टोपी उडू नये म्हणून वरून बांधलेलं उपरणं. लुनावर निघालेला असा आजोबा रात्री लांबून दिसायचा. नातू त्याच रस्त्याने ऐंशीने जातो आणि शेजारी येईस्तोवर दिसत नाही. पांढरा सनकोट घातलेली त्याची बायको त्याच्यापेक्षा सुरक्षित आहे, उन्हासाठी घेतलेल्या कपड्याने.

माणसं मनात आणलं तर काय वाट्टेल ते घालतात, हेही याच भागाने दाखवलं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या पिंपरखेडला बिबट्याने बळी घेतले, लहान पोरं गेली, लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर तिथले शेतकरी गळ्याभोवती खिळे बाहेर काढलेले पट्टे बांधून शेतात जाऊ लागले, आपण कुत्र्याला बांधतो तसे. फोटो देशभर गेले. शोभतं का, लोक काय म्हणतील, हा प्रश्न कुणी विचारला नाही. बिबट्याला डोळे असतात, तो उसातून बघतो हे माणसाला अंगावर काटा येऊन जाणवतं. उभ्या ट्रॉलीला डोळे नसतात. दरवर्षी तीच ट्रॉली, तोच रस्ता, आणि दशक्रियेला तेच वाक्य: 'त्याची वेळ आली होती.' भीतीचं वाटप धोक्याच्या प्रमाणात होत नाही, ही माणसाची जुनी खोड आहे. त्यावर रागावून उपयोग नाही.

मग करायचं काय? भाषणं नकोत. हे तमाशाचं गाव आहे. बशीर मोमीन कवठेकरांसारखा वगलेखक या गावाचा, आणि हुंडा असो की व्यसन, सांगायचं ते गाण्यातून, रंगीत कपड्यांतून, हसवत सांगायचं, ही इथली रीत. कपड्याची गोष्ट कपड्यानेच सांगावी लागेल. कारखान्यांनी दिवाळीला जर्किन द्यावंच, फक्त त्याच्या पाठीवर लोगोच चमकत्या धाग्यात मोठा भरावा. 'परमनंट' असल्याची खूण मागून येणाऱ्या ट्रकवाल्यालाही दिसू दे. दूध संघांनी, पतसंस्थांनी, वाढदिवसाला टी-शर्ट वाटणाऱ्या पुढाऱ्यांनी काळा रंग सोडावा. सनकोट शिवणाऱ्यांनी पाठीवर आडवी पट्टी टाकली तर मीटरमागे फार खर्च येणार नाही. कोपरापाशी एक खिसा ठेवावा, ज्याला हवं तो पॅड घालील. यातलं काहीही युरोपच्या तीन ए ला पोचणार नाही, हे मान्य. पण खुंटीवरच्या तीन ए पेक्षा अंगावरची एक पट्टी मला जवळची वाटते. यावर कुणी म्हणेल, ही तडजोड आहे, आणि कातडं तर तडजोड ओळखत नाही. बरोबर आहे. माझं कोपरही हेच म्हणतं. मी फक्त एवढंच म्हणतो की सनकोटालाही पहिल्या दिवशी पंजे झाकणाऱ्या बाह्या नव्हत्या.

गेल्या महिन्यात मी स्वतःपासून सुरुवात केली. जाड सुती कापड घेतलं, पंधरा-वीस रुपये मीटरची चमकती पट्टी मागवली, कोपरासाठी जुन्या योगा मॅटचे तुकडे कापले, आणि गावातल्या टेलरकडे गेलो. मापं घेताना त्याने सगळं नीट ऐकून घेतलं: चेनच्या आतून रुंद पट्टी, बाह्या लांब, कोपरावर खिसा, पाठीवर चमकतं कापड आडवं. माझ्या मनात चित्र अगदी पक्कं होतं.

त्याने खडू कानावर ठेवला.

"पट्टी कुठं लावायची म्हणता?"

"पाठीवर."

"ते ठीक. पण तुम्ही घालणार कसं? सुलटं का उलटं?"

मी विचारात पडलो. चेनच्या आतून पट्टी असेल तर उलटं घालायची गरज नाही, हे मला ठाऊक होतं. पण जानेवारीच्या पहाटे स्टँडवर उभा राहिलो, सगळ्यांनी पाठी वळवल्या, की माझा हात आपोआप काय करेल तेही ठाऊक होतं.

"दोन्हीकडं लाव," मी म्हणालो.

"मग चाळीस रुपये जास्तीचे," तो म्हणाला, आणि छातीच्या मापावर खडूने दुसरी रेघ ओढली.